सॅलिसबरीचा इतिहास अभ्यासताना

इंग्लंडमधील सॅलिसबरी शहराच्या मध्ययुगीन इतिहासाचा अभ्यास तुम्ही कॅथीड्रलपासून, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चपासून, सुरू करू नये, असे मी आग्रहाने सुचवेन. आरंभ शहराच्या उत्तरेकडील ओल्ड सारमच्या टेकडीपासून करावा. तेथे राजाचा किल्ला आणि बिशपचे कॅथीड्रल एकाच तटबंदीत होते. पाण्याची टंचाई, सोसाट्याचा वारा आणि किल्ल्यातील सैनिकांशी होणारे खटके यांना कंटाळून धर्मगुरूंनी खाली एव्हन नदीकाठच्या सपाट कुरणात जाण्याचा निर्णय घेतला. बिशप रिचर्ड पूअर यांच्या काळात, 1220 मध्ये, नव्या कॅथीड्रलचा पाया घातला गेला आणि 1258 मध्ये त्याचे पवित्रीकरण झाले. सुमारे 123 मीटर उंचीचा प्रसिद्ध मनोरा मात्र नंतरचा आहे, हे विसरू नका.

त्यानंतर शहराचा नकाशा समोर ठेवून सावकाश वाचा. चौकोनी वस्त्यांना तेथे 'चेकर्स' म्हणतात, आणि रस्त्यांतून खेळवलेले पाण्याचे पाट 1849 च्या कॉलऱ्यानंतर बुजवले जाईपर्यंत वाहत होते. माझ्या मते खरा गाभा येथेच आहे: 1227 मध्ये राजा तिसऱ्या हेन्रीने सनद दिली तरी नगराचा धनी बिशपच राहिला, लोकरीच्या व्यापारावर श्रीमंत झालेल्या नागरिकांना ते सलत राहिले, आणि त्या सत्तेतून त्यांची सुटका 1612 च्या सनदेने झाली. म्हणून वास्तुशैलीइतकेच लक्ष बाजार, कर आणि भाडेपट्ट्यांच्या नोंदींकडे द्यावे.