खिशातल्या कॅमेऱ्याने निसर्गाचे फोटो चांगले येतात का?

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ असा दिसतो: घरात एक जुना कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेरा आहे, फिरायला जाताना त्याने डोंगर-तळ्यांचे फोटो काढले तर बरे येतील का, की आधी मोठ्या कॅमेऱ्यावर खर्च करावा लागेल? बरे येतील. मी असा कॅमेरा कित्येक वर्षं वापरलाय, अजूनही वापरतो. फक्त मोठ्या कॅमेऱ्यांसाठी लिहिलेले सल्ले जसेच्या तसे त्याला लावू नका. मी तेच करून बसलो होतो.

निसर्गचित्र म्हटलं की ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र) बारीक ठेवायचं, एफ ८ किंवा एफ ११ (आकडा मोठा तितकं छिद्र बारीक), हे मी कुठेतरी वाचून डोक्यात पक्कं केलं होतं. माझ्या कॅमेऱ्यात सगळ्यात बारीक म्हणजे एफ ८. एका तळ्याकाठी अख्खी सकाळ त्यावरच फोटो काढले. घरी येऊन मोठ्या पडद्यावर बघतो तर काठच्या लव्हाळ्याची पाती आणि पलीकडच्या फांद्या, सगळ्यावर कुणीतरी ओलं बोट फिरवल्यासारखं. फोकस चुकला नव्हता, हातही हलला नव्हता. पुढच्या आठवड्यात तिथेच जाऊन, कॅमेरा त्याच दगडावर ठेवून प्रत्येक ॲपर्चरला एकेक फोटो काढला. २.८ आणि ४ ला पात्यान्‌पातं वेगळं दिसत होतं, ५.६ ला थोडं मऊ पडलं आणि ८ ला निव्वळ लगदा.

कारण सेन्सरच्या, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपच्या, आकारात आहे. साध्या कॉम्पॅक्टमधल्या सेन्सरला १/२.३ इंची म्हणतात, पण तो असतो जेमतेम ६.२ × ४.६ मिलिमीटर, करंगळीच्या नखापेक्षाही लहान. मोठ्या कॅमेऱ्यांतला फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा. त्या नखभर जागेत १२ मेगापिक्सेल बसवले की एकेक पिक्सेल साधारण दीड मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होतो. बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो (शाळेत विवर्तन शिकलो तेच हे), आणि एफ ८ ला एका बिंदूचा ठिपका सुमारे ११ मायक्रॉन रुंद पडतो. म्हणजे एकच बिंदू सात पिक्सेलांवर सांडला, मग पाती वेगळी दिसणार कशी!

आणि गंमत म्हणजे ॲपर्चर बारीक करायची इथे गरजच नसते. झूम पूर्ण मागे घेतला की लेन्सचं फोकल अंतर साडेचार-पाच मिलिमीटर असतं. एफ २.८ ला दीड-दोन मीटरवर फोकस धरा, एक मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. १९३२ साली अँसेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरे अमेरिकी छायाचित्रकारांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरात एक गट काढला आणि त्याला नावच दिलं ‘एफ ६४’, कारण त्यांच्या अवजड कॅमेऱ्यांवर पुढून मागपर्यंत सगळं स्पष्ट हवं तर छिद्र तेवढं बारीक करावं लागे. हिशेब मांडला तर ८ × १० इंची फिल्मवर एफ ६४ ला स्पष्टतेची जेवढी खोली मिळते, त्याहून जास्त आपल्या या पिटुकल्याला तेवढ्याच दृश्यासाठी एफ २.८ ला फुकटात मिळते. काही स्वस्त मॉडेलांत ॲपर्चर बदलतच नाही, उजेड जास्त झाला की आत एक काळपट फिल्टर सरकतो. तुमचा तसा असेल तर हा सगळा परिच्छेद विसरा.

खरी अडचण आकाशाची. छोटा सेन्सर ऊन आणि सावली एकाच वेळी पेलू शकत नाही, डोंगर नीट आला की ढग पांढरेफटक होतात. एकदा पांढरं झालेलं परत आणता येत नाही, काळं झालेलं मात्र संगणकावर थोडंफार उजळता येतं. म्हणून एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा कमी-जास्त करायची सोय) उणे ०.७ च्या आसपास ठेवा. ती सोयही नसेल तर कॅमेरा आधी आकाशाकडे थोडा वर करा, शटरचं बटण अर्धं दाबून धरा आणि तसंच खाली येऊन चौकट जुळवा. अर्ध्या दाबात उजेडाचं माप आणि फोकस दोन्ही बांधले जातात. कॅमेऱ्यात रॉ (सेन्सरने टिपलेली, प्रक्रिया न केलेली फाइल) असेल तर डोळे झाकून रॉ वापरा. भर दुपारी मी तर आकाश चौकटीबाहेरच ठेवतो. फिकट आकाशाची पट्टी घेण्यापेक्षा नुसता उतार, नुसतं पाणी घेतलेलं बरं.

पोलरायझिंग फिल्टर (चकाकी कापणारी काच) लावायला या कॅमेऱ्यांना पुढे आटे नसतात. पण लेन्स इतकी लहान असते की पोलराइज्ड गॉगलची एक काच तिच्यासमोर सहज मावते. काच हळूहळू फिरवत स्क्रीनकडे बघा, एका ठिकाणी पाण्यावरची चकाकी जाते आणि तळाचे दगड दिसू लागतात. सूर्य बाजूला असेल तेव्हा आकाशही गडद होतं, तो समोर किंवा पाठीशी असेल तर फारसा फरक पडत नाही. काचेचा रंग फोटोत उतरतो, तेवढा व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) नंतर जुळवून घ्या.

आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) ८० किंवा १०० वर बांधून टाका, ऑटोवर सोडलंत तर ढगाळ दिवशी तो ४०० वर जातो आणि गवताचं शेवाळ होतं. उजेड कमी असेल तर कॅमेरा दगडावर, गुंडाळलेल्या स्वेटरवर टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबताना बसणारा हिसकाही टळतो. डिजिटल झूम आत्ताच बंद करून टाका, तो चित्र कापून नुसतं मोठं करतो, त्यात मिळतं काहीच नाही.

मेगापिक्सेलची काळजी करू नका. ए ४ आकाराच्या छान प्रिंटला ३५०८ × २४८० पिक्सेल लागतात, म्हणजे नऊ मेगापिक्सेलसुद्धा नाहीत. रुंद दृश्य हवं असेल तर कॅमेरा उभा धरून, एक्स्पोजर न बदलता, प्रत्येक फोटोचा तिसरा हिस्सा शेजारच्या फोटोतही येईल असे चार-पाच फोटो घ्या आणि नंतर जोडा.

तारे आणि झाडीतली संध्याकाळ मात्र याच्याकडून मागू नका, तिथे मीही हात टेकले. तेच हवं असेल तर सरळ मोठ्या कॅमेऱ्यावर उडी मारण्याआधी एक इंची सेन्सरचा कॉम्पॅक्ट बघा. त्याचा सेन्सर १३.२ × ८.८ मिलिमीटरचा, क्षेत्रफळाने साध्याच्या चौपट, आणि तोही कोटाच्या खिशात मावतो. पण खरेदीआधी खिडकीतून दिसणारं एखादं झाड निवडा, कॅमेरा कठड्यावर ठेवा, सगळ्या ॲपर्चरला एकेक फोटो काढा आणि संगणकावर शंभर टक्के मोठा करून पानांच्या कडा बघा. तुमच्या कॅमेऱ्याला कोणता आकडा मानवतो ते दहा मिनिटांत कळेल.