पाण्यातून वर येणारा तो विंचू नव्हे

प्रश्न : ताई, मुलीच्या नव्या नोकरीबद्दल विचारून टॅरोचा (भविष्य पाहण्याच्या चित्रपत्त्यांचा) पत्ता काढला, तर ‘द मून’, म्हणजे चंद्र, आला. दोन कुत्रे भुंकताहेत, पाण्यातून विंचू वर येतोय. कुणी दगाफटका करणार का? जीव थाऱ्यावर नाही.
– एक आई, सातारा

उत्तर : आधी तो विंचू मनातून काढून टाका. तो क्रेफिश आहे, गोड्या पाण्यातला, नांग्यांचा, खेकड्याच्या कुळातला. चंद्राच्या पत्त्यावर तो का, हे आपल्याला वेगळं सांगायला नको, कर्क राशीचा स्वामी चंद्रच ना! ‘मार्सेय’ या जुन्या फ्रेंच टॅरो संचाच्या पत्त्यांवरही तो आहे.

कुत्रेही दोन नाहीत. चित्रकार पॅमेला कोलमन स्मिथ यांनी 1909 च्या टॅरो संचात एक कुत्रा आणि एक लांडगा काढलाय. एक माणसाळलेला, दुसरा रानातला, आणि दोघंही चंद्राकडेच तोंड करून आहेत. चावायला कुणीच धावत नाही, हे नीट बघा. संच रचणाऱ्या वेट यांनी या दोघांना माणसाच्या मनातली भीती म्हटलंय. मला ते अगदी पटतं.

म्हणून या पत्त्यावरून कुणा माणसावर संशय घेऊ नका, मी तर तसा अर्थ कधीच लावणार नाही. दोन्ही प्राण्यांच्या मधून वाट थेट डोंगरापर्यंत गेली आहे, फक्त उजेड अपुरा आहे. मुलीला विचारा, पगार, सुट्ट्या, बदली हे सगळं लेखी मिळालंय का? नसेल तर सही करण्याआधी मागून घ्यायला सांगा.