‘मूळचा’, ‘वंशाचा’ आणि मधली जोडरेघ : दारोन मलाकियानच्या निमित्ताने

एका वाचकाने पाश्चात्त्य संगीतावरील आपल्या लेखाचे पहिले वाक्य पाठवून त्याविषयी विचारणा केली आहे. वाक्य असे : ‘मूळचा आर्मेनियाचा असलेला हेवी मेटल गिटारवादक डॅरन मलाकियन याने सिस्टिम ऑफ अ डाउन या बँडमधून जगभर नाव कमावले.’ मुद्रितशोधकाने ‘मूळचा आर्मेनियाचा असलेला’ हे शब्द खोडून तेथे ‘आर्मेनियन-अमेरिकन’ असे घातले. या दोहोंपैकी बरोबर काय, आडनाव ‘मलाकियन’ लिहावे की ‘मलाकियान’, आणि ‘हेवी मेटल गिटारवादक’ ही रचना मराठीत चालते का, असे वाचकाचे प्रश्न आहेत.

‘मूळचा आर्मेनियाचा’ हे चूक आहे. ‘आर्मेनियन-अमेरिकन’ चूक नाही, परंतु ज्या वाक्यात वाचकाची या कलावंताशी पहिल्यांदा गाठ पडते, तेथे ते पुरेसे स्पष्ट नाही. मी तेथे ‘आर्मेनियन वंशाचा अमेरिकन गिटारवादक’ असे लिहीन. याची कारणे त्याच्या चरित्रातच आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मराठीत ‘मूळचा’ हे विशेषण नेहमी एखाद्या ठिकाणाला चिकटून येते. ‘ते मूळचे साताऱ्याचे’ असे म्हटले की ते स्वतः, निदान त्यांचे आईवडील वा आजोबा, साताऱ्याहून निघून आज आहेत तेथे आले, असे ऐकणारा धरून चालतो. गाव अजून तिथेच आहे, घर नसले तरी भाऊबंद आहेत, हेही त्यात आपसूक येते. दारोन मलाकियानचा जन्म १८ जुलै १९७५ रोजी लॉस एंजेलिसच्या हॉलीवूड भागात झाला. त्याचे वडील वर्तान मलाकियान हे चित्रकार आणि नृत्यदिग्दर्शक. त्यांचा जन्म इराकमधला. आज ज्या देशाला आपण आर्मेनिया म्हणतो तो या कुटुंबाच्या अमेरिकेला येण्याच्या वाटेवर कोठे लागतच नाही.

याच बँडमधील चौघांची उदाहरणे शेजारी ठेवली की शब्दाची अडचण लख्ख दिसते. चौघेही आर्मेनियन. गायक सर्ज टांकियान याचा जन्म बैरूतचा, ड्रमवादक जॉन डोलमायान हाही लेबननमध्ये जन्मलेला, बेसवादक शावो ओदाजियान येरेवानचा, आणि मलाकियान हॉलीवूडचा. ‘मूळचा आर्मेनियाचा’ हे शब्द जसेच्या तसे लागू पडतील असा यांत एकटा ओदाजियान आहे. टांकियानला ‘मूळचा लेबननचा’ म्हणावे तर ठिकाण बरोबर ठरते आणि माणूस हरवतो.

असे होण्याचे कारण १९१५ मध्ये आहे. आर्मेनियन लोकांची वस्ती शतकानुशतके ज्या प्रदेशात होती, त्याचा पश्चिमेकडील मोठा भाग तेव्हा ओटोमन साम्राज्यात होता. २४ एप्रिल १९१५ रोजी कॉन्स्टँटिनोपलमधील आर्मेनियन विचारवंतांची आणि पुढाऱ्यांची धरपकड झाली, आणि त्यानंतर गावेच्या गावे घराबाहेर काढून सीरियाच्या वाळवंटाकडे पायी हाकलण्यात आली. लाखो माणसे मारली गेली. जे वाचले ते सीरिया, लेबनन, इराक, फ्रान्स, अमेरिका असे पांगले. आर्मेनियन भाषेत या पांगलेल्या समाजाला ‘स्फ्युर्क’ असा स्वतंत्र शब्द आहे आणि त्याच्या मुळाशी ‘विखुरणे’ हाच अर्थ आहे. ज्या समाजाची परतण्याची गावेच पुसली गेली, त्याच्याबाबत ‘मूळचा’ हा गावाकडे बोट दाखवणारा शब्द वापरताना हात अडखळला पाहिजे.

‘वंशाचा’ या शब्दावर काहींचा आक्षेप असतो, की त्यातून रक्तशुद्धीचा किंवा वंशवादाचा वास येतो. मला तो रास्त वाटत नाही. वृत्तपत्रीय मराठीत ‘भारतीय वंशाचे ब्रिटिश पंतप्रधान ऋषी सुनक’ ही रचना रुळली, ती याच गरजेतून. सुनक यांचा जन्म साउथॅम्प्टनचा आणि आईवडिलांचा पूर्व आफ्रिकेतला, त्यामुळे ‘मूळचे भारतातले’ म्हणणे अवघड होते आणि ‘भारतीय वंशाचे’ म्हणण्यात कोणाची फसगत होत नव्हती. शिवाय आर्मेनियन लोकांविषयी लिहिताना ‘वंश’ हा शब्द आणखी एका जागी येतोच : १९१५ पासूनच्या घटनांना ‘कत्तल’ न म्हणता ‘वंशसंहार’ म्हणावे लागते, कारण कत्तल एखाद्या दिवसाची, एखाद्या गावाची असू शकते, आणि येथे एक समाज समूळ नाहीसा करण्याचा बेत होता. मलाकियानच्या बँडने १९९८ च्या आपल्या पहिल्याच अल्बमचा शेवट या वंशसंहारावरील गाण्याने केला. ज्याचा वंशच मिटवायला काढला होता त्याची ओळख ‘आर्मेनियन वंशाचा’ अशी करून देणे मला सर्वांत नेमके वाटते.

आता जोडरेघ. मराठीत दोन शब्दांमधील जोडरेघ बहुतेक वेळा दोन्ही पदांना सारखा मान देते : आई-वडील, मराठी-इंग्रजी शब्दकोश, भारत-पाकिस्तान सामना. त्यामुळे ‘आर्मेनियन-अमेरिकन करार’ म्हणजे दोन देशांमधला करार, आणि ‘आर्मेनियन-अमेरिकन जोडपे’ म्हणजे एक जण आर्मेनियन व दुसरा अमेरिकन, असाच अर्थ मराठी वाचक सहज लावील. इंग्रजीत मात्र पहिले पद दुसऱ्याचे विशेषण असते. हा संकेत ठाऊक नसलेल्या वाचकाला ‘आर्मेनियन-अमेरिकन गिटारवादक’ वाचून त्याचे आई किंवा वडील अमेरिकन असावेत, असेही वाटू शकते. एकदा ‘आर्मेनियन वंशाचा अमेरिकन’ असे लिहून झाले की पुढे ‘आर्मेनियन-अमेरिकन समाज’, ‘आर्मेनियन-अमेरिकन शाळा’ असे खुशाल लिहावे. मलाकियान, टांकियान आणि ओदाजियान हे तिघेही वेगवेगळ्या वर्षी लॉस एंजेलिसच्या ज्या पिलिबोस आर्मेनियन शाळेत शिकले, तिला हे विशेषण चपखल लागते. ती शाळा ज्या वस्तीत आहे तिला शहराने २००० साली ‘लिटल आर्मेनिया’ असे अधिकृत नावही दिले.

आणि मलाकियानच्या वादनाला तर जोडरेघेचे हे विशेषण मराठी अर्थानेही लागू पडते, कारण तेथे दोन्ही पदे खरोखरच बरोबरीने नांदतात. तो गिटारच्या साऱ्या तारा नेहमीपेक्षा एका पूर्ण स्वराने उतरवतो आणि सर्वांत जाड तार आणखी एका स्वराने खाली आणतो. असे केले की जाड तीन तारांवर एकच बोट आडवे टेकवून सा-प-सा हा भरदार ध्वनी एकदम निघतो, आणि ते बोट नुसते मागेपुढे सरकवून धडधडत जाणारी वाक्ये अतिशय वेगाने वाजवता येतात. हा भाग लॉस एंजेलिसच्या मेटल परंपरेचा. त्यावर गळ्यातून आणि पातळ तारांवरून ज्या सुरावटी येतात त्या मात्र पश्चिम आशियाच्या वळणाच्या असतात. आयबानेझ कंपनीने त्याच्या नावाने काढलेल्या आइसमन गिटारच्या अंगावर वर्तान मलाकियान यांचे चित्र छापलेले आहे, आणि २००५ मधील ‘मेझमराइझ’ व ‘हिप्नोटाइझ’ या दोन्ही अल्बमांची चित्रेही त्यांचीच. ते दोन्ही अल्बम त्याच वर्षी अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. बँडने आर्मेनियात पहिल्यांदा कार्यक्रम केला तो २३ एप्रिल २०१५ रोजी, येरेवानच्या रिपब्लिक चौकात, वंशसंहाराच्या शताब्दीच्या आदल्या दिवशी. तेव्हा मलाकियान एकोणचाळीस वर्षांचा होता. बँड स्थापन होऊन दोन दशके उलटली होती.

नावाविषयी. ‘मलाकियान’ असेच लिहावे, शेवटी दीर्घ आकार देऊन. आर्मेनियन आडनावांतील ‘यान’ हा प्रत्यय ‘अमक्याच्या घराण्यातला’ असा संबंध सांगतो : पेत्रोसच्या घराण्यातला तो पेत्रोस्यान. सोव्हिएत काळात आर्मेनियातील लेखनपद्धती बदलली, म्हणून तेथील नावांची रोमन अक्षरे एक दिसतात आणि बाहेर पांगलेल्यांची दुसरी. प्रत्यय तोच, उच्चारातला आकारही तोच. आपली वृत्तपत्रे आर्मेनियाच्या पंतप्रधानपदी आलेल्या निकोल पाशिन्यान यांचे आडनाव ‘पाशिन्यान’ असे आकार देऊन लिहितात, तर गिटारवादकाच्या वाट्याला ‘मलाकियन’ का यावे? या आडनावांत मराठी माणसाला एक ओळखीचा प्रत्ययही भेटतो. बोयाजियान म्हणजे रंगाऱ्याच्या घरचा आणि देमिर्जियान म्हणजे लोहाराच्या घरचा. यांतील ‘जी’ हा धंदा दाखवणारा तुर्की प्रत्यय, जो फारसीमार्फत आपल्याकडे येऊन ‘मशालची’, ‘तोफची’, ‘खजानची’ या शब्दांत बसला आहे.

‘डॅरन’ हा अमेरिकी उच्चाराचा ठसा. मी ‘दारोन’ लिहितो, कारण हे नाव एका प्रांताचे आहे. पूर्व आर्मेनियन उच्चारात ‘तारोन’ आणि पश्चिम आर्मेनियन उच्चारात ‘दारोन’ म्हटला जाणारा हा प्रांत व्हान सरोवराच्या पश्चिमेला, मुश शहराच्या आसपासचा. तो आज तुर्कस्तानात आहे. पांगलेल्या समाजाने सुटलेल्या प्रांताचे नाव मुलांना दिले, आणि ते ‘डॅरन’ केले की त्यातला प्रांत दिसेनासा होतो.

‘हेवी मेटल गिटारवादक’ ही रचना ‘शास्त्रीय गायक’, ‘लोकनाट्य कलावंत’ यांच्यासारखीच आहे आणि ती बिनदिक्कत वापरावी. ‘धातुसंगीत’ वगैरे घडवण्याची गरज नाही. ऐकणारे ‘मेटल’ म्हणतात आणि तेवढे सर्वांना कळते. मात्र केवळ ‘गिटारवादक’ म्हटल्याने त्याचे निम्मे काम झाकले जाते. बँडच्या अनेक गाण्यांचे शब्द आणि चाली त्याच्या आहेत, २००५ च्या दोन्ही अल्बमांत टांकियानच्या आवाजाबरोबर त्याचा आवाज जागोजागी येतो, आणि बँडने २००६ मध्ये विश्रांती घेतल्यावर त्याने उभ्या केलेल्या ‘स्कार्स ऑन ब्रॉडवे’मध्ये तर मुख्य गायक तोच आहे. त्या बँडच्या २००८ आणि २०१८ च्या अल्बमांविषयी लिहिताना त्याला ‘गायक-गिटारवादक’ म्हणावे. तेथील जोडरेघ आई-वडिलांमधल्या रेघेसारखीच आहे आणि कोणालाही अडचणीत टाकणार नाही.