अमेरिकेच्या फेडरल कोर्टात डिस्कव्हरीच्या आदेशाविरुद्ध निकालाआधी अपील करता येतं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: न्यू जर्सीच्या फेडरल कोर्टात तुमच्या कंपनीवर दावा चालू आहे. कंपनीने आपल्याच वकिलाला पाठवलेल्या काही ई-मेल समोरच्या पक्षाला द्या, असा आदेश झाला आहे. खटल्याआधी पक्षांनी एकमेकांना कागद-पुरावा देण्याच्या या टप्प्याला इथे डिस्कव्हरी म्हणतात. तुमचं म्हणणं, मजकूर एकदा त्यांच्या हातात गेला की वर्षा-दोन वर्षांनी अपील जिंकून उपयोग काय? आणि भारतात हायकोर्टात रिट टाकतात तसं इथे काही आहे का?

मी न्यू जर्सीत दिवाणी वकिली करते आणि त्यातला बराच वेळ डिस्कव्हरीच्या भांडणांत जातो. सरळ सांगायचं तर अपील नाही. तुमच्यासारख्या प्रकरणात तर सुप्रीम कोर्टाने २००९ मध्येच दार लावून घेतलं आहे. एक-दोन खिडक्या उघड्या आहेत, पण त्यांतून आत जाणारे फार थोडे.

त्याआधी आदेशावर सही कोणाची आहे ते बघा. इथल्या फेडरल कोर्टात डिस्कव्हरीची कटकट बहुधा मॅजिस्ट्रेट जज सांभाळतात. त्यांचा आदेश असेल तर दिवाणी प्रक्रियेच्या नियम ७२(अ) प्रमाणे आदेशाची प्रत मिळाल्यापासून १४ दिवसांत डिस्ट्रिक्ट जजकडे हरकत घेता येते. ही हरकत त्याच कोर्टात, वरच्या खुर्चीकडे जाते, म्हणून अंतिम निकालाची अट तिला लागत नाही. आदेश उघड चुकीचा किंवा कायद्याला सोडून आहे एवढं दाखवावं लागतं. तेही सोपं नाही, पण पुढे सांगणार आहे त्या सगळ्यापेक्षा सोपं. हे १४ दिवस हुकले तर शेवटच्या अपिलातही तो मुद्दा काढता येत नाही. शिवाय हरकत घेतली म्हणून आदेश आपोआप थांबत नाही. स्टे वेगळा मागावा लागतो, आणि तो त्याच दिवशी मागा. लोक हेच विसरतात.

आता अपील का नाही ते. अमेरिकन संहितेच्या २८व्या भागातलं कलम १२९१ अपील कोर्टाला फक्त 'अंतिम' निर्णयांवर अधिकार देतं. कागद द्या, साक्ष द्या, ई-मेल शोधा, हे आदेश दाव्याच्या वाटेवरचे. त्यांनी दावा संपत नाही. प्रत्येक आदेशावर अपील दिलं असतं तर ज्याच्या खिशात पैसा जास्त त्याने समोरच्याला नुसतं अपिलांनीच दमवलं असतं. हा युक्तिवाद मला पटतो. माझा अशील आदेशाच्या चुकीच्या बाजूला असतो तेव्हा जरा कमी पटतो.

या नियमाला १९४९ मध्ये कोहेन विरुद्ध बेनिफिशियल इंडस्ट्रियल लोन या निवाड्याने एक पळवाट दिली, आणि तो वाद निघाला होता न्यू जर्सीच्याच एका कायद्यावरून. छोट्या भागधारकाला कंपनीच्या वतीने दावा लावायचा असेल तर आधी खर्चाची हमी भर, असं तो कायदा सांगायचा. सुप्रीम कोर्ट म्हणालं, काही आदेश दाव्याच्या मूळ वादापासून वेगळे असतात, त्या मुद्द्यावर शेवटचा शब्द ठरतात आणि अंतिम निकालानंतर त्यांना हात लावण्यात अर्थ उरत नाही; असे आदेश अंतिमच धरा. वकील याला कोलॅटरल ऑर्डर म्हणतात. तुमचा मुद्दा तंतोतंत यात बसतो असं वाटेल. मजकूर एकदा वाचला गेला की तो न वाचलेला कसा करणार? आमच्या थर्ड सर्किट अपील कोर्टालाही तसंच वाटत होतं. वकील-अशील गोपनीयतेच्या, म्हणजे वकिलाशी झालेलं बोलणं उघड न करण्याच्या हक्काच्या, आदेशांवर ते अशी अपिलं घेत असे. इंटरनेटवर जुने लेख वाचून 'न्यू जर्सीत अपील चालतं' असं कोणी सांगितलं असेल, तर ते त्या काळाचं.

मग आला मोहॉक इंडस्ट्रीज विरुद्ध कार्पेंटर. मोहॉक ही गालिचे बनवणारी कंपनी. तिथल्या एका शिफ्ट सुपरवायझरने एचआरला कळवलं की कंपनी कागदपत्रं नसलेल्या परदेशी कामगारांना कामावर ठेवते आहे. त्याला माहीत नव्हतं की अगदी याच आरोपावरून कंपनीविरुद्ध एक सामूहिक दावा आधीच चालू होता. कंपनीने त्याला आपल्या वकिलाला भेटायला पाठवलं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे तिथे त्याच्यावर शब्द मागे घेण्यासाठी दबाव आणला गेला, त्याने नकार दिला आणि नोकरी गेली. त्याने दावा लावला आणि वकिलाबरोबरच्या त्या भेटीची माहिती मागितली. कंपनीने गोपनीयतेकडे बोट दाखवलं. न्यायाधीश म्हणाले, गोपनीयता होती हे खरं, पण त्या दुसऱ्या दाव्यात तुम्हीच या चौकशीबद्दल निवेदन करून ती सोडून दिलीत. आता माहिती द्या.

हे मी एवढं लांबवून सांगतेय कारण कंपनीची बाजू तुमच्यापेक्षा दुबळी नव्हती, आणि न्यायाधीशांनी तिला वरचे मार्ग चाचपता यावेत म्हणून आदेशाला स्टेही दिला होता. तरी अपील कोर्टाने अधिकारच नाही म्हणून अपील काढून टाकलं, आणि ८ डिसेंबर २००९ रोजी सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी त्या कोर्टात लिहिलेला हा पहिला निवाडा. गोपनीयता महत्त्वाची आहे हे त्यांनी नाकारलं नाही. त्यांचं म्हणणं, प्रश्न एका दाव्याचा नाही, अशा सगळ्या आदेशांचा आहे. आणि आदेश चुकला असेल तर निकालानंतरचं अपील कोर्ट निकाल रद्द करून, तो मजकूर आणि त्यातून निघालेला पुरावा वगळून खटला पुन्हा चालवायला सांगू शकतं. माझं मत विचाराल तर हा उपाय कागदावर ठीक आहे. समोरच्या वकिलाने तुमची रणनीती एकदा वाचली की ती त्याच्या डोक्यातून कोणत्या आदेशाने वगळणार? पण निवाड्याचा निकाल एकमुखी होता आणि त्याला आता बरीच वर्षं झाली. त्याच्याशी भांडून तुमचे पैसे जातील, एवढंच.

त्याच निवाड्यात उरलेल्या वाटाही सांगितल्या आहेत. एक वाट कलम १२९२(ब) ची. इथे आदेश देणाऱ्या न्यायाधीशानेच लिहून द्यावं लागतं की यात कायद्याचा कळीचा प्रश्न आहे, त्यावर खरोखर दोन मतं होऊ शकतात, आणि आत्ता उत्तर मिळालं तर दावा लवकर संपेल. ते मिळाल्यावर १० दिवसांत अपील कोर्टाकडे परवानगी मागायची, आणि ते कारण न देता 'नको' म्हणू शकतात. 'ही ई-मेल कायदेशीर सल्ल्याची की धंद्याची' हा वाद वस्तुस्थितीचा धरला जातो. तुमचं भांडण तेवढंच असेल तर या वाटेला जाऊ नका.

दुसरी वाट मॅन्डॅमसची, म्हणजे वरच्या कोर्टाने खालच्या न्यायाधीशाला थेट हुकूम द्यावा अशी मागणी. तुमच्या डोक्यात जे रिट आहे, त्याच्या सगळ्यात जवळ हीच येते. न्यायाधीशाने अधिकाराबाहेर पाऊल टाकलं किंवा अधिकाराचा उघड दुरुपयोग केला, आणि दुसरा कुठलाही उपाय नाही, हे दाखवावं लागतं. १९६४ चं श्लागेनहाउफ प्रकरण वाचण्यासारखं आहे. एका ग्रेहाउंड बसची ट्रकला मागून धडक बसली. बसचालकाची वैद्यकीय तपासणी व्हावी असा अर्ज आला. वैद्यकाच्या शाखा चार, म्हणजे तपासण्या चार, आणि पर्याय म्हणून नऊ डॉक्टरांची नावं दिलेली. कोर्टाने नऊच्या नऊ डॉक्टरांकडून तपासण्यांचा आदेश काढला! प्रतिवादीवर अशी तपासणी लादता येते का, हा प्रश्नच तेव्हा नवा होता, म्हणून सुप्रीम कोर्टाने हात घातला आणि आदेश रद्द करून प्रकरण परत पाठवलं. आणखी एक गाजलेलं उदाहरण २००४ चं, उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांच्या ऊर्जा धोरण गटाच्या कागदपत्रांचं. तिथेही सुप्रीम कोर्टाने अपील कोर्टाला मॅन्डॅमसचा फेरविचार करायला लावला. पण तिथे सत्ताविभाजनाचा प्रश्न होता. तुमच्याकडे कंपनीच्या ई-मेल आहेत.

तिसरी वाट ऐकायला सगळ्यात शूर: आदेश पाळायचा नाही, अवमान ओढवून घ्यायचा आणि त्या शिक्षेवर अपील करायचं. याचा नायक फिलाडेल्फियाचा एक वकील. फेब्रुवारी १९४३ मध्ये डेलावेअर नदीत 'जे. एम. टेलर' नावाची टगबोट बुडाली आणि नऊ खलाशांपैकी पाच जण गेले. मालकांच्या वकिलाने वाचलेल्या खलाशांचे जबाब घेऊन ठेवले होते. ते द्या म्हणून कोर्टाने सांगितलं, त्याने दिले नाहीत. तो आणि त्याचे अशील अवमानाचे दोषी ठरले. ऐकेपर्यंत तुरुंग, असा हुकूम निघाला. थर्ड सर्किटने तो फिरवला आणि १९४७ मध्ये सुप्रीम कोर्टाने हिकमन विरुद्ध टेलरमध्ये वकिलाची बाजू उचलून धरली. वकिलाने खटल्याच्या तयारीसाठी केलेल्या कामाला आज जे संरक्षण मिळतं, ते या नकारातून आलं.

ही गोष्ट लॉ स्कूलमध्ये सगळ्यांना आवडते. तुम्हाला मी हा मार्ग सुचवणार नाही, कारण त्यात एक खड्डा आहे. दाव्यातल्या पक्षकाराला दिवाणी अवमान लागला तर त्यावर लगेच अपील होत नाही. फौजदारी अवमानाची शिक्षा झाली तर होतं. दोन्हींपैकी काय लावायचं हे न्यायाधीश ठरवणार. शिवाय त्यांना अवमानाकडे जायचीही गरज नाही. नियम ३७ खाली ते तुमचा बचाव काढून टाकू शकतात, वादग्रस्त मुद्दा समोरच्याच्या बाजूने सिद्ध झाला असं धरू शकतात, फार चिघळलं तर थेट तुमच्याविरुद्ध निकाल देऊ शकतात. वकिलावर दंड बसला तर त्यालाही थांबावं लागतं, हे १९९९ च्या कनिंगहॅम निवाड्यात ठरलं. अवमान न ओढवता अपील करता आलं ते १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना. राष्ट्राध्यक्षाला अवमानापर्यंत ढकलणं शोभत नाही, असं कोर्टाला वाटलं.

आदेश तुमच्यावर नसून तिसऱ्यावर, म्हणजे तुमच्या जुन्या अकाउंटंटवर वगैरे असेल, तर गणित बदलतं. तो दाव्यात पक्षकार नाही, म्हणून त्याला दिवाणी अवमानावरही लगेच अपील करता येतं. तो तुमच्यासाठी कशाला अंगावर घेईल, हा वेगळा प्रश्न. १९१८ च्या पर्लमन निवाड्यामुळे अशा वेळी कागदांवर हक्क सांगणाऱ्याला स्वतः अपील करायला थोडी जागा मिळते, पण मोहॉकनंतर दिवाणी दाव्यांत ती किती उरली यावर वाद आहेत.

भारताबद्दल. तिथेही अपिलाचा रस्ता वाटतो तेवढा मोकळा नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११ खाली कागद दाखवा म्हटलं तर त्यावर अपील नाही. न दाखवल्यामुळे नियम २१ खाली दावा फेटाळला किंवा बचाव काढून टाकला, तर आदेश ४३ मध्ये अपील आहे. बाकीचं कलम १०५ खाली शेवटच्या अपिलात. फरक पडतो तो घटनेच्या अनुच्छेद २२७ मुळे. हायकोर्टाची खालच्या कोर्टांवरची ती देखरेख असते आणि वकील तिचा सढळ वापर करतात. फेडरल कोर्टात मॅन्डॅमसचा असा सढळ वापर केला तर न्यायाधीश वैतागतात.

हाच दावा राज्याच्या कोर्टात असता तर चित्र वेगळं असतं. न्यू जर्सीत २० दिवसांत अपील विभागाकडे परवानगी मागता येते, आणि 'न्यायाच्या हितासाठी' वाटलं तर ते देतात. हडसन ओलांडून न्यूयॉर्कला गेलात तर तिथे निकालाआधीच्या कितीतरी आदेशांवर थेट हक्काने अपील चालतं. पण केवळ त्यासाठी आता दावा हलवता येणार नाही.

तुमच्या जागी मी असते तर अपिलाची भाषा सोडून कोर्टाकडे चार गोष्टी मागितल्या असत्या. एक, न्यायाधीशांनी त्या ई-मेल आधी स्वतः बंद खोलीत वाचाव्यात. सरसकट गठ्ठा देण्याऐवजी तीन ओळी काळ्या करून बाकी द्या, असा आदेश अशाने अनेकदा निघतो. दोन, जे जाईल ते फक्त समोरच्या वकिलांनी पाहायचं, त्यांच्या अशिलाने नाही, आणि कोर्टात दाखल झालंच तर सीलबंद. तीन, पुराव्याच्या नियम ५०२(ड) खाली आदेश, म्हणजे या दाव्यात मजकूर दिला म्हणून दुसऱ्या कुठल्या दाव्यात तुम्ही गोपनीयता सोडली असं कोणी म्हणू शकणार नाही. कंपनीवर आणखी कोणी दावा लावण्याची शक्यता असेल तर हा आदेश सगळ्यात मोलाचा. चार, प्रत्येक ई-मेलसाठी हरकत लेखी नोंदवलेली असावी: तारीख, कोणी कोणाला पाठवली, सल्ला कशाबद्दल. 'सगळंच गोपनीय' असा एका ओळीचा लॉग (रोखून धरलेल्या ई-मेलची यादी) दिलेला असेल तर आज रात्री बसून तो नीट करा. आदेश तुमच्याविरुद्ध जाण्याचं कारण कदाचित तेच असेल.

आणि वकिलाला एक प्रश्न स्पष्ट विचारा: त्या ई-मेलमध्ये नेमकं काय आहे, आणि ते ज्युरीसमोर आलं तर दाव्याची किंमत किती वाढते? बहुतेक फेडरल दिवाणी दावे खटल्यापर्यंत पोचतच नाहीत, मिटतात. मिटला की अंतिम अपील नाही, म्हणजे हा आदेश बरोबर होता की चूक, हे कुठलंही वरचं कोर्ट कधी बघणार नाही. तडजोडीचा आकडा ठरवताना हे धरून चला.