‘एंजल’मधलं ते सोंग बघायचंय? मग थेट शेवटाकडे जाऊ नका

‘एंजल’ या अमेरिकन टीव्ही मालिकेत ‘सर्कल ऑफ द ब्लॅक थॉर्न’ या दुष्टांच्या गुप्त मंडळात शिरण्यासाठी नायक एंजल (चांगल्या बाजूने लढणारा व्हॅम्पायर) बिघडल्याचं सोंग घेतो, एवढं ऐकून पाचव्या सीझनचा २१वा भाग लावू नका. नव्या प्रेक्षकांची हीच पहिली चूक. सोबती त्याच्यावर संशय का घेतात, ते आधीचे भाग पाहिल्याशिवाय पटत नाही. ज्या वुल्फ्रम अँड हार्ट या दुष्ट लॉ फर्मशी तो वर्षानुवर्षं लढला, तिचंच लॉस एंजेलिसचं ऑफिस तो आता चालवतोय. खुर्चीवर बसलेला माणूस हळूहळू बदलतो, ही भीती खरी असते, म्हणूनच ते सोंग खपतं.

वेळ कमी असेल तर निदान पाचवा सीझन (२००३-०४, २२ भाग) सलग बघा. हे दोन भाग गाळू नका:
- १२वा: एंजलची जुनी सोबतीण कॉर्डेलिया परत येते. तिचा निरोप नीट लक्षात ठेवा.
- १५वा: एंजलची सोबतीण फ्रेड हिचा. रडू आलं तर येऊ द्या.

दुसरी चूक म्हणजे सोंग कळताच त्याला निर्दोष ठरवणं. मंडळाचा विश्वास मिळवायला तो आपल्याच बाजूच्या ड्रोगिन या योद्ध्याचा खरोखर जीव घेतो. माझ्या मते मालिकेची खरी ताकद तिथेच आहे. ज्या मालिकेतून ही निघाली त्या ‘बफी’शी जोडलेले धागे सध्या राहू द्या, आधी हे बघून घ्या.