इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये दृष्टिभ्रमाची डिझाइन्स केली तर भास नीट होत नाही आणि पीएनजी काढल्यावर मध्येच बारीक रेघा दिसतात. काय चुकतंय?

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या अडचणी आहेत. रेघांचा दोष फाइल पडद्यावर रंगवली जाते त्या पद्धतीत आहे. भास न होण्याचं कारण मात्र बहुतेक वेळा डिझाइनच्या मापांत असतं. हे भास दोन-चार आकड्यांवर चालतात: राखाडी किती गडद, सरकवणी किती, फट किती जाड. डोळ्याच्या अंदाजाने चौकोन मांडून जमत नाही. एक टाइल पक्क्या मापाने बनवा आणि बाकीचं काम क्लोनवर, म्हणजे मूळ आकाराशी जोडलेल्या प्रतींवर, सोपवा.

कॅफे वॉल या प्रसिद्ध दृष्टिभ्रमापासून सुरुवात करू. रिचर्ड ग्रेगरी आणि प्रिसिला हर्ड या संशोधकांनी १९७९ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या एका कॅफेच्या भिंतीवरच्या फरशांवरून याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. आडव्या रेघा खरं तर समांतर असतात, पण पाचरीसारख्या तिरक्या दिसतात.

पानाचं युनिट पिक्सेल ठेवा. पांढरा मोठा आयत पार्श्वभूमीला टाका. त्यावर ४० × ४० चा एकच काळा चौकोन काढा, स्ट्रोक (कडेची रेघ) पूर्ण बंद. आता एडिट मेनूत क्लोन, त्यात क्रिएट टाइल्ड क्लोन्स. सिमेट्री पी१ वरच राहू द्या. शिफ्ट टॅबमध्ये कॉलमसाठी शिफ्ट एक्स १०० टक्के, म्हणजे काळ्यानंतर एका चौकोनाची जागा मोकळी सुटते. रो साठी शिफ्ट एक्स ५० टक्के, आणि रो च्याच रकान्यात अल्टरनेट टिक करा. १० ओळी, ८ कॉलम पुरेत.

आता राखाडी फट. ती शिफ्ट वाय वाढवून आणायचा मोह होतो, आणि इथेच बरेच जण अडकतात. अल्टरनेट ही खूण त्या रकान्यातल्या एक्स आणि वाय दोन्हींना लागू होते. त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या ओळीत फट पडते, दुसऱ्या-तिसऱ्या ओळी मात्र एकमेकींवर चढतात. म्हणून ओळी चिकटूनच ठेवा आणि सांध्यांवर राखाडी पट्ट्या वरून टाका. पूर्ण रुंदीचा, २ पिक्सेल उंचीचा आयत घ्या आणि पहिल्या सांध्यावर मध्य साधून ठेवा, म्हणजे १ पिक्सेल वर, १ खाली. त्याचे एका कॉलममध्ये ९ क्लोन करा, शिफ्ट वाय १९०० टक्के, अल्टरनेट बंद. आकडा विचित्र वाटेल, पण टक्केवारी टाइलच्या उंचीवर मोजली जाते: २ पिक्सेल मूळचे, त्यात ३८ ची भर, म्हणजे ४० चं अंतर.

राखाडीची किंमत आरजीबीत १२८, १२८, १२८ ठेवा. उजळपणा काळ्या-पांढऱ्याच्या मधला असायलाच हवा. पट्टी पूर्ण काळी किंवा पांढरी केलीत की भास फिका पडतो. जाडी वाढवत नेली तरी तो मावळतो, त्यामुळे ४० च्या चौकोनाला २ हे प्रमाण सुरुवातीला मोडू नका. सरकवणी शून्य असेल तर उभे खांब दिसतात, पूर्ण चौकोनाची असेल तर साधा बुद्धिबळाचा पट; दोन्हीत रेघा सरळच दिसतात. अल्टरनेट काढून टाकलंत तर प्रत्येक ओळ त्याच दिशेने पुढे सरकते आणि सगळ्या रेघा एकाच बाजूला कललेल्या दिसतात. हेही करून बघण्यासारखं आहे.

सपाट पटाला गोलाई आणायची असेल तर कॉलमची रुंदी साइनच्या हिशोबाने कमी करत न्या. २०० पिक्सेल त्रिज्येचा नळकांडा समोरून बघतोय असं धरा आणि १५ अंशांच्या पायऱ्या घ्या. मध्यापासून कडेकडे रुंद्या अशा येतात: ५१.८, ४८.२, ४१.४, ३१.८, २०.०, ६.८. बेरीज २००. दुसऱ्या बाजूला याच रुंद्या उलट क्रमाने. उंची सगळीकडे तीच, रंग आलटून पालटून. या आकड्यांऐवजी ५०, ४०, ३०, २०, १० अशी समान घट ठेवली तर पट आकसत गेल्यासारखा दिसतो, पण वळत नाही. खरी वक्रता शेवटच्या दोन अरुंद कॉलममध्ये आहे, तेव्हा ६.८ चा कॉलम फार बारीक वाटतो म्हणून काढून टाकू नका. रुंदी टाइप करताना वरच्या पट्टीतलं कुलूप उघडं ठेवा, नाहीतर उंचीही बदलत जाते.

डोक्याला मुंग्या आणणाऱ्या पट्ट्या आणि त्यात उलट्या रंगाचं वर्तुळ, हा प्रकार सगळ्यात कमी मेहनतीचा. पट्ट्यांचे क्लोन शिफ्ट + ऑल्ट + डी ने सुटे करा, कंट्रोल + शिफ्ट + सी ने पाथ करा आणि कंट्रोल + के ने एकत्र जोडा. मग वर्तुळाचा पाथ त्यावर ठेवून पाथ मेनूतलं एक्स्क्लुजन वापरा. वर्तुळाच्या आत काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं होतं.

हलणारी चकती जरा नाजूक आहे. जपानी मानसशास्त्रज्ञ अकियोशी किताओका यांच्या २००३ च्या फिरत्या चकत्या याच कुळातल्या. इथे आकारापेक्षा रंगांचा क्रम महत्त्वाचा: काळा, गडद निळा, पांढरा, पिवळा, पुन्हा काळा. हालचाल याच क्रमाच्या दिशेने भासते. निळा-पांढरा अदलाबदल केलात तर चित्र सुंदर दिसेल, पण जागचं हलणार नाही.

२०० त्रिज्येचं काळं वर्तुळ काढा. एलिप्स टूलमध्ये स्टार्ट आणि एंड हे रकाने असतात. तेवढ्याच त्रिज्येची, त्याच केंद्राची तीन वर्तुळं घेऊन त्यांच्या फाका करा: निळी ५ ते १०.५ अंश, पांढरी १० ते १५.५, पिवळी १५ ते २०. निळी सर्वांत खाली, पिवळी सर्वांत वर. ० ते ५ मध्ये खालचा काळा दिसू द्यायचा. फाका अर्धा अंश एकमेकींवर मुद्दाम चढवल्या आहेत, कारण खाली येतंच. तिन्ही फाकांचा ग्रुप करा, त्यावर दुसऱ्यांदा क्लिक करून मधली फुली काळ्या वर्तुळाच्या केंद्रावर नेऊन ठेवा, स्नॅप चालू ठेवून. ही फुली हलवली नाही तर क्लोन स्वतःच्याच मध्याभोवती गिरक्या घेतात आणि सगळा चिवडा होतो. मग एक ओळ, १८ कॉलम, शिफ्ट टॅबमध्ये एक्सक्लूड टाइल चालू, रोटेशनमध्ये प्रत्येक कॉलमला २० अंश. ३६० ला पूर्ण भाग जाईल असाच कोन घ्या. १७ भाग केलेत तर अपूर्णांक येतो आणि शेवटच्या सांध्याला क्रम बिघडू शकतो.

आता काळ्या वर्तुळासकट सगळ्याचा एक ग्रुप करा. त्याची प्रत काढून ती मूळच्या ८० टक्के मापाची करा आणि १० अंश फिरवा. असं तीन वेळा केलं की त्रिज्या २००, १६०, १२८, १०२ अशी चार कडी होतात. एकटी चकती फिकी पडते. पाच-सहा शेजारी-शेजारी मांडा, एकआड एक चकती एच ही कळ दाबून आरशासारखी उलटवा. जिच्याकडे थेट बघाल ती थांबते, आजूबाजूच्या फिरतात. काही लोकांना हा भास होतच नाही, त्यामुळे एकाच माणसाला विचारून डिझाइन मोडीत काढू नका.

आता त्या नकोशा रेघा. दोन आकार अगदी एकाच सीमेवर मिळतात आणि ती सीमा पिक्सेलच्या मधोमध येते, तेव्हा पहिला आकार त्या पिक्सेलचा ५० टक्के भाग झाकतो. दुसरा उरलेल्याच्या ५० टक्के झाकतो, म्हणजे एकूण ७५. राहिलेल्या २५ टक्क्यांतून मागचा रंग डोकावतो. झूम बदलल्यावर रेघ जागा बदलते किंवा नाहीशी होते, तर ती हीच. उपाय म्हणजे आकार सीमेला सीमा लावून ठेवायचेच नाहीत. काळा-पांढरा पट असेल तर पांढऱ्यावर फक्त काळे आकार. रंग जास्त असतील तर खालचा आकार वरच्याच्या पोटात थोडा घुसवायचा, चकतीत केलं तसा. सरळ उभे-आडवे आकार पूर्ण पिक्सेलवर असतील तर हा प्रश्न मुळातच येत नाही, म्हणून ४० आणि २ असे सम आकडे घेतले.

एक्स्पोर्ट पीएनजीतच, ९६ डीपीआयवर (इंचाला ९६ ठिपके) किंवा त्याच्या पूर्ण पटीत, म्हणजे १९२ किंवा २८८. जेपीजी काळ्या-पांढऱ्या कडांभोवती ठिपके सोडतो. चित्र नंतर कुणी ७३ टक्के वगैरे लहान केलं की बारीक पट्ट्यांत नको तिथे मॉयरे, म्हणजे लाटांसारखी नक्षी, उमटतो. तो मुद्दामच हवा असेल तर ४ पिक्सेल अंतराच्या रेघांचे दोन थर एकमेकांपासून ३ अंश फिरवा. सुमारे ७६ पिक्सेल रुंदीच्या लाटा दिसतील. कोन अर्धा केला की लाटा दुप्पट रुंद.

पट्ट्या किती दाट ठेवायच्या याचाही विचार करा. दृष्टीच्या एका अंशात साधारण ३ काळ्या-पांढऱ्या जोड्या आल्या की त्या डोळ्यांना सर्वांत जास्त टोचतात, आणि प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्यांना त्रास होऊ शकतो. ६० सेंटिमीटरवरून बघताना एक अंश म्हणजे जेमतेम १ सेंटिमीटर. पानभर असं चित्र टाकणार असाल तर वर सूचना लिहा.

इंकस्केपऐवजी इलस्ट्रेटर वापरत असाल तर चकतीसाठी क्लोनऐवजी इफेक्ट मेनूत डिस्टॉर्ट अँड ट्रान्सफॉर्म, त्यात ट्रान्सफॉर्म: कोन २० अंश, कॉपीज १७, कारण मूळ फाक धरून १८ होतात. तिथेही फिरण्याचं केंद्र आकाराच्या मध्यावरच असतं. म्हणून फाकांच्या ग्रुपमध्ये २०० त्रिज्येचं, भरणी आणि स्ट्रोक नसलेलं पूर्ण वर्तुळ टाका आणि इफेक्ट त्या ग्रुपला लावा.