इंजिन मागेच का राहिलं

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पोर्शे कंपनीच्या 911 या गाडीवरच्या तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. पहिल्याच पानावर ‘फेरी पोर्शे यांचं स्वप्न कंपनीने आजवर जपलं’ असं वाक्य आहे. ते काढ. स्वप्न जपल्याचा दावा कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकात सापडतो. गाडीच्या नेमक्या कोणत्या भागात जपलं, हे किलो आणि मिलिमीटरमध्ये दाखव.

सुरुवात ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावापासून कर. 1948 मध्ये तिथे बनलेल्या पोर्शेच्या पहिल्या गाडीचं, म्हणजे पहिल्या 356 चं वजन सुमारे 585 किलो, ताकद 35 अश्वशक्ती. इंजिन फोक्सवॅगनवर बेतलेलं आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) पुढे बसवलेलं. वळणावर ही जागा उत्तम, पण सीटमागे सामानाला जागाच उरेना. म्हणून विक्रीसाठीच्या गाडीत इंजिन अ‍ॅक्सलच्या मागे गेलं. गाडी हलकी हवी आणि रोज वापरता यायला हवी, या दोन अटी होत्या; दुसरीसाठी वळणावरचा तोल सुरुवातीलाच थोडा सोडावा लागला. हे नीट मांड, कारण पुढचं बरंच काही यातून निघतं.

त्याची किंमत 356 नंतर आलेल्या 911 ने मोजली. भर वळणात अ‍ॅक्सिलरेटर सोडला की भार पुढच्या चाकांवर जातो, मागच्या टायरांची पकड कमी होते आणि मागे लटकलेलं इंजिन गाडीची शेपटी बाहेर फेकतं. सुरुवातीच्या गाड्यांत यावर उपाय काय, तर पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी सुमारे 11 किलोचं बिडाचं वजन! जर्मन असला तरी जुगाडच. खरा उपाय 1969 च्या मॉडेलमध्ये आला. इंजिन होतं तिथेच ठेवून मागची चाकं 57 मिमी मागे सरकवली. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, 2211 मिमीचं 2268 झालं. एका मोठ्या बॅटरीऐवजी दोन लहान बॅटऱ्या पुढच्या दोन कोपऱ्यांत बसवल्या. 2011 च्या पिढीपासून व्हीलबेस 2450 मिमी आहे आणि इंजिन अजूनही अ‍ॅक्सलमागेच. दोष मान्य करून भोवतीची गाडी सुधारत नेण्याचा हा हट्ट प्रबंधाचा कणा व्हायला हवा.

पोर्शेच्याच 928 ला मात्र तू दोनच ओळी दिल्यास. 1977 ची ही गाडी: पुढे पाण्याने थंड होणारं व्ही-8, गिअरबॉक्स मागे, तोल जवळपास समसमान. कागदावर 911 पेक्षा सरसच, आणि तिची जागा घेईल असाच कंपनीचा होरा होता. गिऱ्हाईक 911 च मागत राहिलं. 1981 मध्ये प्रमुख झालेल्या पीटर शुट्झ यांनी 911 बंद करण्याचा बेत रद्द केला.

याचा अर्थ जुनं ते सगळं राखलं, असा काढू नकोस. हवेने थंड होणारं इंजिन 1998 मध्ये गेलं. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह बसवले की हेड (सिलिंडरवरचं झाकण) निव्वळ हवेने थंड ठेवणं अवघड होतं, शिवाय आवाज आणि धुराचे नियम कडक होत होते. चाहते चिडले, पण माझ्या मते निर्णय बरोबर होता: सहा आडवे सिलिंडर आणि त्यांची जागा हा गाभा, तर हवा हे केवळ साधन. फसलं ते अंमलबजावणीत. त्या नव्या, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्टचं (व्हॉल्व्हची यंत्रणा फिरवणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग सीलबंद होतं. सील झिजलं की आत तेल शिरतं, ग्रीस धुऊन जातं, बेअरिंग फुटतं, टायमिंग (व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ) बिघडतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. अख्खं इंजिन बाद!

पैशाची बाजूही घाल. 1986 च्या सुमारास वर्षाला 50,000 च्या आसपास गाड्या विकणारी कंपनी 1993 पर्यंत 15,000 च्या घरात आली होती. तेव्हाचे प्रमुख वेंडेलिन वीडेकिंग यांनी जपानी सल्लागार आणले, कारखान्यातले सुट्या भागांचे उंच रॅक कापून बुटके केले, बॉक्सस्टर ही नवी स्पोर्ट्स कार आणि नव्या 911 ला पुढचा बराच भाग सामाईक दिला. पुढे 2002 मध्ये केयेन ही एसयूव्ही आली. तिच्या नफ्याने 911 ला आधार दिला, हे लिहायला लाजू नकोस.

आता एक तक्ता कर. 1964, 1969, 1989, 1999 आणि 2012 च्या 911 चे वजन, व्हीलबेस, इंजिनाची जागा, थंड करण्याची पद्धत आणि सीट असे रकाने. जो रकाना बदलला नाही त्यावर एक प्रकरण, जो बदलला त्यावर बदलाचं कारण. तक्ता झाला की पाठव. प्रस्तावना त्यानंतर लिही.